फाटलेले स्पीकर

बाबा,

गाडीला नवे स्पीकर घेऊ नकोस. पेणच्या दुकानदाराने तपासले. स्टिरिओ जितक्या वॉटचा, तितक्याचेच स्पीकर हायत. तू आवाज कायम फुल्ल ठेवतोस म्हणून फाटले. जास्त वॉटचे बसवलेस तरी आवाज वाढणार नाय.

परवा वडखळला मागचा ट्रक हॉर्न देऊन थकला, तरी तू बाजू दिली नाहीस.

किल्ली मी नेतेय. रोह्याचे पॅसेंजर आज नाथाकाका नेईल. माझी शिफ्ट संपली की कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. जेवून घे.

हे तोंडी सांगणार होते. तू ओटीवर वालाचं बिरडं सोलत होतास, म्हणून पाठीमागून हाका मारल्या. समोर यायचा मग धीर झाला नाय.

मांजराने मान वळवली, तू नाही.

मंदा