दर्भाचे नामदेवकाका

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
पानं वाढली. आबांचं, सासूबाईंचं, ह्यांचं. चौथं नामदेवकाकांचं. ह्यांना जाऊन तिसरं वर्ष. अळूवडी जास्त केली, मग मीच खाल्ली.
काकांचं पान वाढताना हे दर वर्षी हात आखडायचे. "जिवंत असला तर?" सख्खा चुलता, दौंडच्या लोको शेडमधून आफ्रिकेत रेल्वेत गेलेला. पत्रं थांबली. बारा वर्षं वाट पाहिली आणि मग आबांनी दर्भाचा पुतळा करून घोडनदीच्या काठाला जाळला, असं घरात सांगतात. काकांना तेव्हा मूलबाळ नाही, म्हणून अग्नी ह्यांच्या हातून. हे दहा वर्षांचे. सत्तरीला आले तरी जेवता जेवता मध्येच थांबायचे.
पुतळा जाळण्याआधीच काका वारले असतील तर ह्यांच्या हातून काही वावगं झालं नाही. एवढंच हवं होतं त्यांना. कळलं नाही.
आता मी शोधणार.

२४ सप्टें.
दत्तू भावजींना सांगितलं. म्हणाले, "वहिनी, जुनी मडकी शोधाय आपलं इनामगाव उकरायला पुण्याची माणसं येत व्हती, आता तुमी बी लागा." मग जरा वेळानं, "आन् त्यांची पोरंबाळं सापडली, हिस्सा मागाय आली तर?"
म्हटलं, आफ्रिकेतनं उसाला पाणी धरायला येणार व्हय? हसले. पण चहा अर्धा ठेवून गेले.

२९ सप्टें.
शिरूरला वाचनालयात. आफ्रिकेवर काही आहे का विचारलं. बाईंनी सिंह-हत्तींचं पुस्तक काढून दिलं. तेच आणलं, त्यात नकाशा आहे. मोंबासा सापडलं. चार बोटं समुद्र, बस.
लग्न होऊन आले तेव्हा एसटीची पाटी वाचता येत नव्हती. दुपारी सगळे निजले की रद्दीतले पेपर काढून अक्षरं जुळवत बसायचे. हे एकदा उठून पाणी प्यायला आले, बघितलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंकलिपी आणून फडताळात ठेवली. ती पण न बोलता.

४ ऑक्टोबर
दौंड. काकांबरोबर शेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखाली, असलेले आप्पा अजून आहेत. कान गेलेत, बाकी खणखणीत. त्यांच्या ट्रंकेत शेडमधल्या माणसांचा एकत्र फोटो. मागच्या रांगेत उंच ते काका. हे थेट तसेच उभे राहायचे, एका पायावर भार देऊन. मी बराच वेळ बघत बसले.
आप्पा म्हणाले, "नाम्या लई गुलहौशी. सुट्टीच्या दिशी केसाला तेल लावून फलाटावर हिंडायचा, कुठं जायचं नसलं तरी. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं, काम करताना गेलेलं. तरी म्हणायचा, निम्मं हाय की अजून."
आफ्रिकेला कधी गेले विचारलं तर साल सांगता येईना. "तो गेला त्या सालात माझं लगीन झालं. आन् तुमच्या घरी त्याला जाळला, त्या जूनला माझी थोरली साळंत घातली. सा वर्षांची व्हती." मी बारा वर्षांचं म्हटलं, तसे स्वतःच बोटांवर मोजायला लागले. "म्हंजी सात. बारा कुठली वो? मला वाटलं, वारल्याची बातमी आली आसंल."
एसटीत बसून मी परत मोजलं. सातच.
आबा तिथी-वार चुकणारे नव्हते.

१० ऑक्टो.
रंजनानं, लेकीनं, आप्पांकडचा फोटो परदेशातल्या मराठी लोकांच्या दोन-तीन ग्रुपवर टाकला. खाली नाव, गाव आणि बोटाचं. मी म्हटलं, बोटाचं कशाला? म्हणाली, आई, नामदेव ढिगानं असतील.

१९ ऑक्टो.
चकलीचं पीठ हाताला, तेवढ्यात रंजनाचा फोन. इंग्लंडमधून उत्तर आलंय. मीना म्हणून मुलगी. "हे माझे आजोबा आहेत. आफ्रिकेतून आम्ही सगळे लेस्टरला आलो. त्यांना फोटो दाखवला, जेवले नाहीत आज."
विचारलं, आजोबा आहेत का होते?
"आहेत गं. एकोणनव्वद."
चकल्या तशाच राहिल्या.
म्हणजे ह्यांनी जिवंत माणसाला अग्नी दिला. ज्याची आयुष्यभर धास्ती घेतली, ते खरं निघालं. मीच शोधून काढलं.

२६ ऑक्टो.
व्हिडिओवर बोलले. आधी नुसता हात वर केला त्यांनी. निम्मं बोट. मग, "कुनाची सून तू?" सांगितलं. पुतण्या गेल्याचंही सांगितलं. तीन वर्षांचा असताना त्याला खांद्यावर घेऊन नदीवर न्यायचो म्हणाले. हे मला ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ह्यांना आठवतच नसणार.
मराठी अजून आपल्याकडचीच, मधूनच गुजराती शिरते. बायको गुजराती. मोंबासात शेजारी होती, शांताबेन, गेली आता. "लगीन केलं तवा दादाला पत्र टाकलं. फोटू बी घातला. मला तिकडं जाऊन सात वर्सं झाली व्हती. उत्तर न्हाई आलं. परत तीन पत्रं टाकली. टपाल लई गहाळ व्हायचं तवा."
मी व्हय म्हटलं.
साठ वर्षं हा माणूस टपालाला बोल लावत बसलाय.

२८ ऑक्टो.
भावजींना सरळ विचारलं, पत्र आलं होतं का? ते गोठ्यात. वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, "आलं व्हतं. मी पाच वर्सांचा. फोटूतली बाई मला लई आवडली, सारकी बघत व्हतो. आईनं हातातनं काढून घेतला. आबांनी चुलीत घातला."
इतकी वर्षं बोलला नाहीत?
"कुनी इचारलंच न्हाई."
ह्यांना माहीत होतं?
"दादा साळंत व्हता."
आबांचा राग येतो. आबा मला कधी वावगा शब्द बोलले नाहीत, तेही खरं. दोन्ही लिहून ठेवते.

२ नोव्हेंबर
काकांना येत्या थंडीत यायचंय. मीना म्हणते, डॉक्टर हो म्हणाले तर.
गुरुजींना विचारलं. पुतळा जाळलेला माणूस परत आला तर त्याचा नव्यानं जन्म करायचा असतो म्हणे. न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं. भावजी म्हणाले, "नव्वदीचं बाळ! पाळणा सुताराकडनं मापानं करून घ्यावा लागंल. आन् वहिनी, कुर्रर्र तुमीच करायचं, कानात." मी हसले. आवाज करून हसले, बऱ्याच दिवसांनी. हिश्श्याचं काही बोलले नाहीत.
पण येण्याआधी काकांना सांगायला हवं. इथं कुणाच्या तरी तोंडून ऐकतील ते बरं नाही. आणि ह्यांच्या वतीनं मला एकदा त्यांच्यापुढं उभं राहायचंय.

९ नोव्हें.
सांगितलं.
म्हटलं, मामंजी, तुमचं कार्य करून टाकलंय आम्ही. त्यांना आधी कळेना. कळल्यावर हसले. "कवा?" तुमच्या लग्नाच्या सालात. हसू थांबलं. हुशार माणूस, पत्राचं मी बोललेच नाही.
"अग्नी कुनी दिला?"
तुमच्या पुतण्यानं. दहा वर्षांचे होते. त्यांना काही माहीत नव्हतं. जन्मभर मनाला लावून घेतलं त्यांनी.
मीनाला वाटलं फोन अडकला, तिनं हलवून बघितला. मग म्हणाले, "भाजलं तर न्हाई ना पोराला? दर्भ लई भसकन पेटतो."
नाही म्हटलं. पदर तोंडाला लावून बसले.
मग त्यांनी विचारलं, "आन् दादा कुटं हुबा व्हता तवा? पोराच्या जवळ का लांब?"
आबा जवळ होते का लांब, मला माहीत नाही. ह्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. भावजींना लहान म्हणून नदीवर नेलंच नव्हतं. म्हटलं, विचारून सांगते.
आप्पांना फोन लावला. उचलत नाहीत, ऐकू येत नसेल. उद्या सकाळच्या गाडीनं दौंडला जाते. आप्पा त्या दिवशी नदीवर होते का, तेही ठाऊक नाही.