मंडईच्या दिवशी भरलेली कॅन

सिहोरा,
मंडईनंतरचा दुसरा सोमवार

आदरणीय विहीणबाई कुंताबाई यांना सिहोऱ्याहून शकुनबाईचा पदर सावरून नमस्कार. व्याहीबुवांना रामराम. जावईबापूंना आणि आमच्या डिंपलला आशीर्वाद. इकडे सारे ठीक आहेत, धान कापून झालं आहे, मळणीयंत्रवाला आज येतो उद्या येतो म्हणत आहे. तुमची तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारलेलं नाही. पत्रात पहिल्या ओळीला सगळेच विचारतात आणि उत्तर कुणी वाचत नाही, पण मला उत्तर हवं आहे, ते कसं हवं हे शेवटी सांगते.

तुम्ही म्हणाल, मोबाईल असताना ह्या बाईला कागद काळा करायचं काय सुचलं. तर तुमच्या घरी फोन लावला की डिंपल तो स्पीकरवर ठेवते, मग मागून व्याहीबुवा "कोन आहे वं?" विचारतात, मग शेजारच्या बाया भिंतीवरून नमस्कार सांगतात. आमच्याकडे तर भूपेंद्रचे बाबा फोनवर माझ्याआधीच बोलतात. आणि जे बोलायचं आहे ते लघवीचं आहे. (माफ करा. मुलीकडच्यांनी विहिणीला लिहिताना हा शब्द काढू नये हे मला कळतं. पण दुसरा शब्द शोधत बसले तर पुढची मंडई येईल.) म्हणून हे पत्र भूपेंद्रच्या हाती देते आहे. चष्मा लावून एकटीनंच वाचा.

झालं असं, की दिवाळीआधी गावात म्हाताऱ्या बायांचं रक्त तपासायचं शिबिर झालं. शिबिराला मी चहा मिळतो म्हणून गेले होते. रिपोर्ट आला तर माझं क्रिएटिनीन वाढलेलं. डॉक्टर दामिनी म्हणून एक पोरगी आहे, आपल्या डिंपलहून लहान असेल, तिनं मला समोर बसवलं आणि कमरेसाठी कुठली गोळी घेता ते विचारलं. मी म्हटलं, धानाच्या रोवणीपासून घेते, सगळ्याच घेतात, दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून कोणाची कंबर राहते? तिनं गोळी बंद केली आणि किडनी नीट गाळते की नाही ते बघायला पाच लिटरची एक पांढरी कॅन दिली. एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी हिच्यात जमा करून आणायची, एक थेंबही वाया घालवायचा नाही. मी मान डोलावली. चोवीस तास कोणते हे तिनं माझ्यावर सोडलं, आणि मी बाई अशी शहाणी की नेमका मंडईचा, गावच्या जत्रेचा दिवस धरला. त्या दिवशी मी घरातच असते, पाहुण्यांचा स्वयंपाक असतो, असा माझा हिशेब.

मंडईला आमचं घर कसं असतं ते तुम्ही पाहिलंच. अंगणात माणसं, ओट्यावर माणसं, दंडारीची नाचगाण्याची मंडळी पाणी मागायला येते ती वेगळीच. न्हाणीत ती कॅन ठेवलेली, आणि प्रत्येक पाहुणीला "तिले हात लावू नका" सांगता सांगता आमच्या सूनबाईचा, रीनाचा घसा बसला. दुपारपर्यंत कॅन पाव सुद्धा भरली नव्हती. मी चुलीपाशी बसून सगळ्यांदेखत बोलून गेले, की एवढी मोठी कॅन माझ्या एकटीच्यानं कशी भरायची, डॉक्टरीण रागावेल. बस्, तेवढंच बोलले. मग मी पाहुण्यांना दुकानं दाखवायला मंडईत गेले, आणि परत येऊन बघते तर कॅन गळ्यापर्यंत.

शेजारची सुंदरबाई दारातच उभी होती, सगळं धान एकटीनं कापल्यासारखी. म्हणाली, "आमी कायले आहोत मंग? तुया बांधीत रोवणीले आलो, माया बांधीत तू आली. एक कॅन भरून द्याले काय झालं?" तिनं भर घातली, माझ्या जाऊबाई रुखमानं घातली, रीनालाही नाही म्हणता आलं नाही. आणि विहिणीचा मान पहिला म्हणून, आपण मंडईत निघायच्या आधीच, तुम्हाला विचारलं होतं म्हणे. तुम्ही म्हणालात, "मी पावनी असली म्हून काय झालं, सुनेच्या माहेरचं काम हाये." हे मला नंतर कळलं. ऐकून मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. अशी विहीण नशिबानं मिळते.

(आता तुम्ही विचाराल, मी ती कॅन ओतून का दिली नाही. भरलेली कॅन ओतायला जीव होत नाही, विहीणबाई. शिवाय मला वाटलं, जास्त असली तर डॉक्टरीण खूष होईल.)

डॉक्टरीण खूष झाली नाही. तिनं कागद दोनदा पाहिला, मला दोनदा पाहिलं, आणि म्हणाली, आजी, ह्या कागदाप्रमाणे तुमच्या किडन्या रोवणीला लावल्या तर एका दिवसात तुमसर तालुका उरकतील. मग मी खरं ते सांगितलं. ती इतकी हसली की बाहेरची नर्स आत आली. आणि मग एकदम हसायची थांबली. कारण त्या कॅनमध्ये प्रोटीन सापडलं होतं. लघवीतून प्रोटीन जायला नको, जात असेल तर किडनीची चाळणी सैल झाली म्हणायचं. पाच जणींच्या लघवीत मिसळूनही ते दिसलं, म्हणजे ज्या कोणीचं आहे तिचं चांगलंच जात असणार. आणि ती म्हणाली की अशा बाईचं नुसतं किडनीवर भागत नाही, हृदयही तपासावं लागतं. तळ्याचं तोंड बिघडलं की खालच्या बांध्या कोरड्या तरी पडतात नाहीतर बुडतात, तसं काहीतरी मी त्यातून समजले. ती म्हणाली, आता पाचही जणींची वेगवेगळी तपासणी करायची, आणि लवकर करायची. लवकर सापडलं तर गोळ्या आणि कमी मीठ ह्यांवर बाई पुष्कळ वर्षं धडधाकट राहते. उशीर झाला तर हृदय सिनेमातल्यासारखं छाती धरून पडायलाही वेळ देत नाही.

मग सुरू झाला शोध. गावात असा शोध पूर्वी कधी कोणी घेतला नसेल. सुंदरबाई नवं लुगडं नेसून आली, जसा काही फोटो काढायचा आहे. तिचं साफ निघालं, तेव्हापासून ती रस्त्यात भेटेल त्याला सांगून राहिली आहे. रुखमा मात्र रुसली. म्हणाली, "चोरी झाली असन तर माया घराची झडती काहून?" तिला समजावायला मला तिच्या घरी दोन वेळचं जेवण जेवावं लागलं. तिचंही साफ. रीनाचं साफ असणारच होतं, ती तरणी पोर आहे. माझी पाळी आली तेव्हा मी देवाला नारळ बोलून ठेवला. माझ्यातही प्रोटीन नाही, आणि गोळ्या सुटल्यानं क्रिएटिनीनही खाली आलं. भूपेंद्रच्या बाबांनी पेढे आणले. मी एक खाल्ला आणि दुसरा गिळेना.

का गिळेना ते तुमच्यासारख्या हुशार बाईला सांगायला नको. तरी जरा इकडचं तिकडचं बोलते. ती पोरगी म्हणत होती, आपल्या वयाच्या बायांना छातीत कळ येतेच असं नाही. दम लागतो, पाय सुजतात, थकवा येतो, आणि बाया म्हणतात वय झालं. मंडईत दुकानांपासून दंडारीच्या मांडवापर्यंत चालताना तुम्ही मध्येच बसलात, पुन्हा बसलात, आणि चप्पल चावते म्हणालात. नवी चप्पल असेल म्हणून मी गप्प बसले. घरी आल्यावर तुमच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा खड्डा पडलेला दिसला, तेव्हाही गप्प बसले, कारण विहिणीच्या पायाकडे टक लावून बघू नये.

असो. फार लिहिलं. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर मुलीची आई म्हणून पदरात घ्या. थोरांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमची,
शकुनबाई

ता. क. – सोबत पाठवलेल्या पिशवीत नवे पोहे आहेत. तुम्हाला आवडतात ते खारवलेले सुके मासे ह्या वेळी मुद्दाम पाठवले नाहीत. कंजूसपणा समजू नका.

दुसरा ता. क. – भूपेंद्र आज तुमच्याकडे मुक्काम करील. त्याला काही माहीत नाही, त्याला वाटतं तो पोहे घेऊन आला आहे. पिशवीच्या तळाशी, पोह्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली एक लहान बाटली आहे. उद्या सकाळची पहिली धार तिच्यात घ्या, पुन्हा फडक्यात गुंडाळा, आणि तेल तपासायचं आहे सांगून, तुमच्याकडच्या पवनीच्या लॅबमध्ये पोचवायला भूपेंद्रच्या हाती द्या. लॅबवाल्याशी मी बोलले आहे. तुमचं रक्त तपासायला आणि छातीची ती ईसीजीची पट्टी काढायला मात्र डिंपलला सोबत घेऊन तुम्हालाच जावं लागेल. बाटलीत एकटीचंच हवं. कोणी मदत करतो म्हणालं तरी घेऊ नका.

तिसरा ता. क. – तुम्ही नाही म्हणाल, हे मला माहीत आहे. पण लेक तुमच्या घरी दिली तेव्हा मी रडले, ते एकदाच. त्यानंतर रडायची वेळ तुम्ही आणली नाहीत, ती आता आणू नका. मला तुमच्या जिवाची फार भीती वाटते आहे. आमच्याकडून विहिणीला रिकामं भांडं आजवर कधी आलं नाही, हे पहिलंच, त्याबद्दल रागवा हवं तर. पण आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही रीत डिंपलला तुम्हीच शिकवलीत.