निराधाराच्या घरी कूलर

आपले गाव, जि. वर्धा
१९ जानेवारी २००४

चि. बंडूजी यांस थोरल्या भावाचे आशीर्वाद. आणि बल्लारपुरात आता तुम्ही मोठे बाबू झालात असे ऐकतो, म्हणून आशीर्वादावर चिमूटभर नमस्कारही.

तुझी, सौ.ची व मुलांची प्रकृती उत्तम असेल असे गृहीत धरतो, कारण एका घराण्यात दोघांनी आजारी पडणे आपल्याला परवडणारे नाही. माझे म्हणशील तर ऑपरेशनचे गळ्यातले भोक कोरडे आहे, त्यावरचा फडका तुझी वहिनी रोज धुते, आणि दूध नाकात न जाता पोटात जाते. (कधी कधी वाट चुकते. पण या वयात वाट चुकणारा मी एकटा नाही.)

पत्र लांबणार आहे. तोंडाने बोलणे बंद झाल्यापासून माझे सगळे बोलणे हातात उतरले आहे, आणि पाटीवर चार शब्दांपलीकडे मावत नाही. त्यात गंमत अशी की, मी पाटीवर लिहिले की समोरचा माणूस मला बहिरा समजतो. अर्जासाठी सर्टिफिकेट आणायला दवाखान्यात गेलो तर तिथला बाबू माझ्या कानाशी येऊन असा ओरडला की बाहेर झोपलेला कुत्रा उठून गेला. मी पाटीवर लिहिले, ‘ऐकू येते.’ त्याने ते वाचले, समजल्यासारखी मान हलवली, आणि पुन्हा तितक्याच जोराने ओरडला. डॉक्टर मात्र भला निघाला. काम काय करता म्हणून त्याने विचारले. मी लिहिले, ‘शाळेत संस्कृत शिकवीत होतो.’ त्याने ‘कामास असमर्थ’ असे लिहून दिले. इतक्या कमी शब्दांत माझे इतके अचूक वर्णन आजवर कोणी केले नव्हते.

अर्ज कसला, हे सांगायचे राहिलेच. निराधार योजनेचा. शाळेने मला सोडले हे तुला माहीत आहे. सोडायच्या आधी त्यांनी प्रयत्न केला हेही खरे. मुलांनी शब्द चालवायचे, मी ऐकायचे, आणि चूक झाली की टेबलावर डस्टर आपटायचा, असा बेत होता. पण खडूची धूळ त्या भोकातून थेट छातीत जाई आणि वर्गात शिकणे कमी व माझे खोकणे जास्त होई. मग शाल आणि नारळ झाले. शाळा विनाअनुदान, त्यामुळे पेन्शनचा प्रश्नच नाही. तेव्हापासून तुझी वहिनी कापूस वेचायला जाते. पोह्यांत लिंबू पिळताना तिच्या बोंडांनी चिरलेल्या बोटांना झोंबते तेव्हा ती माझ्याकडे पाठ करते, एवढेच. अर्ज तिनेच मनावर घेतला. नाव माझे, पाय तिचे.

तर परवा घरची चौकशी करायला तलाठी येणार असा निरोप आला. नियम साधा आहे: घरात काय आहे, कमावते कोण, सांभाळते कोण, हे डोळ्यांनी पाहून लिहायचे. मला वाटले, आपल्या घरात पाहण्यासारखे काही नाही, म्हणजे काम झालेच. इथे माझे चुकले. साहेब घरी येणार ही बातमी सकाळीच गल्लीत पसरली, आणि आपल्या गल्लीला तू ओळखतोस. शेजारच्या शोभाबाईने नव्या कपबशा आणल्या. कवडूचे मांडव-खुर्च्या भाड्याने देणारे बिछायत केंद्र आहे; त्याने लग्नातल्या लाल खुर्च्या मांडल्या, खाली सतरंजी टाकली, आणि एवढ्यावर समाधान न होऊन स्वतःच्या घरचा टीव्ही उचलून आणला. त्यामागून कूलर आला. जानेवारी आहे, बंडू. मी शाल पांघरून बसलो होतो आणि माझ्या शेजारी कूलर.

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘हे सगळे परत न्या.’ तुझ्या वहिनीने ते वाचले आणि म्हणाली, “काहीतरीच तुमचं. साहेब पयल्यांदा घरी येऊन राह्यले. त्याहिले का मातीत बसवू?” मी लिहू लागलो, ‘अगं, मातीत बसले तरच’, तेवढ्यात शोभाबाई म्हणाली, “गुरुजी, हे पाटी काऊन घेऊन बसले जी? चांगली नाई दिसत पाव्हण्यासमोर.” आणि पाटी आत तांदळाच्या डब्यामागे गेली. अशा रीतीने ज्या घटकेला बोलायची खरी गरज होती, त्या घटकेला मी पुन्हा एकदा मुका झालो.

तलाठी आला. तरुण, सभ्य, चपला दाराबाहेर काढणारा. त्याच्यापुढे शिरा आला. त्यातले तूप कोणाचे ते मी विचारले नाही. (विचारणार कशाने?) त्याने भिंती पाहिल्या, टीव्ही पाहिला, कूलरकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मी हातवारे करून ‘माझा नाही, माझा नाही’ असे सांगत होतो. त्याला वाटले मी शिरा आणखी वाढायला सांगतो आहे. धूर दिसला की अग्नी असणार, असे आम्हाला न्यायशास्त्रात शिकवले होते. त्याच न्यायाने, कूलर दिसला की उत्पन्न असणार. त्या पोराच्या तर्कात मला दोष काढता येत नाही.

शेवटी त्याने विचारले, यांना सांभाळणारे कोणी आहे का. या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर हवे होते. पण उत्तर द्यायला कवडू उभा राहिला, आणि गावाची अब्रू त्याच्या हातात होती. म्हणाला, “आहे ना साहेब. लहान भाऊ बल्लारपूरले मोठा बाबू आहे. नागपूरच्या दवाखान्यात रात रात जागला. असा भाऊ पुऱ्या जिल्ह्यात नाई भेटत.” शोभाबाईने डोळ्यांना पदर लावला. तलाठ्याने सगळे लिहून घेतले. कवडूने तुझ्याबद्दल एकही शब्द खोटा सांगितला नाही, हेच तर दुःख आहे.

तो गेल्यावर खुर्च्या गेल्या, सतरंजी गेली, टीव्ही आणि कूलर गेले. कपबशा शोभाबाईने मोजून नेल्या. आम्ही दोघे जमिनीवर बसलो. मला वाटले तुझी वहिनी आता रडेल. ती भिंतीकडे पाहत होती. मग म्हणाली, “दोन घटका घर बरं दिसलं न जी?” पाटी डब्यामागेच होती. मी मान हलवून हो म्हटले. हाताशी असती तरी तिच्यावर काय लिहिले असते?

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद. पत्राचे उत्तर हवेच असे नाही.

तुझा,
दादा

ता. क. उत्तर हवे आहे. काल तो तलाठी चौकात भेटला. खजील दिसत होता. कमिटी बसायच्या आत भावाचे लेखी आले तर पुन्हा चौकशी लावतो म्हणाला. सोबत मसुदा जोडला आहे. त्यात तू असे लिहून देतोस की थोरल्या भावाशी माझे येणे-जाणे नाही, मी त्याला काही देत नाही, आणि त्याच्या आजाराबद्दल मला काही ठाऊक नाही. भाषा मीच घडवली, कारण इतके खोटे तुला शुद्ध लिहिता येणार नाही. खाली फक्त सही कर. हात थांबला तर तिची बोटे आठव.

ता. क. दुसरा. सही केल्यावर यायचे बंद करू नकोस. फक्त संध्याकाळच्या बसने ये आणि चावडीवरून येऊ नकोस.

ता. क. तिसरा. मानेला डाव्या बाजूने पुन्हा गाठ लागते आहे. डॉक्टरांनी हात लावून पाहिले आणि मला पुढची तारीख दिली नाही. तुझ्या वहिनीशी बोलायचे आहे म्हणाले. मी तिला सांगितले की तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती तुला विचारेलच. मसुद्यातले शेवटचे वाक्य तिच्यासमोर तोंडपाठ म्हण: मला काही ठाऊक नाही.