तीस किलोची लाल बॅग

सोमवार, १० नोव्हेंबर

काल म्हणे तुझी मेमरी भरली! दोन वर्षांचा मोबाईल तू, आणि एवढ्यात विसराळू झालास? माझी ऐंशी सरली, पण सासूचे टोमणे अजून तारीखवार पाठ हायेत. तेजूनं — माझ्या धाकट्या नातीनं — पाचशे फोटो उडवले तेव्हा कुठं तुझे कान उघडले.

मला अक्षर येत नाय. तेजूनंच शिकवलंय: "आजी, माईकच्या चित्रावर बोट ठेव अन् बोल. लिहिलं जातंय. कोण वाचत नाय." कोण वाचत नाय ते बरं. मलाबी वाचता येत नाय, म्हंजे गुपित पक्कं.

तर ऐक. थोरली नात मोहिनी बाळंत झाली. मुलगी. ती ऱ्हाती आखातात — आमच्या गावात त्या सगळ्यालाच दुबई म्हणत्यात. तिची आई, म्हंजे माझी सून अंजना, बाळंतपण करायला निघालीय. पुढच्या आठवड्यात मंगळवारी विमान. जन्मात मंचरपल्याड एकटी गेली नाय, आणि आता समुद्रापार!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मंचरला बॅग घ्यायला गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी गाडीत जाऊन बसले. दुकानदार म्हणतो, "आजी, ही फुटायची नाय. उभ्या ऱ्हावा वर!" ऱ्हायले की! लेक गोरख "आई, उतर — आई, उतर" करत बसला. फुटली नाय.

अंजनाला काळी हवी व्हती, मळत नाय म्हणून. मी म्हणाले, काळ्या शंभर जणांच्या असत्यात, भलतीच उचलशील. लाल घे. घेतली. खाली चार चाकं.

मी म्हणाले, "चाकं हायेत, बैल कुठंय? वढणार कोण?"

"मीच की आत्या. आजवर कोण वढत व्हतं?"

गोरखनं खाली बघितलं. मला हसू आलं, पण दिलं नाय दिसू.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नातजावयानं यादी धाडली. काय आणायचं नाय त्याची! तेजूनं सगळ्यांपुढं वाचली. "खसखस अजिबात नको. इकडं ती अफूत धरतात. एक दाणासुद्धा नको." दोनदा वाचलं तिनं. अंजना लगेच उठली, मसाल्याच्या डब्यातली पुडी काढून शेजारी देऊन आली.

मी म्हणाले, "बरं."

पण बाळंतिणीचा डिंकलाडू, आणि बिनखसखशीचा? पोरीला झोप कशी लागायची? कंबर कशी धरायची? कायदा करणारे कधी बाळंत झाले व्हते का?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अंजना कांद्याच्या लागणीवर, तेजू कॉलेजात. घरात मी एकटी.

लाडू केले. डिंक तुपात फुलवला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, गूळ चिरला. आणि खसखस — माझ्या ट्रंकेत जपून ठेवलेली. भाजून पाट्यावर वाटली. वाटल्यावर कुठं खसखस ऱ्हाती? पीठच ते. खरं सांगू का, खसखस लई हट्टी. पाट्यावरनं निसटती, निम्मी तशीच साबूत ऱ्हाती. ऱ्हाऊ दे. गुळात कोण बघतंय!

आता दुसरं एक सांगते. तेजू झाली तेव्हा मी लाडू केले नाय. दुसरी बी पोरगीच झाली म्हणून तोंड फिरवून बसले. डिंक आणलेला व्हता, तो उंदरांनी खाल्ला. अंजनाचं दूध महिन्यात आटलं. तेजू शेळीच्या दुधावर वाढली. वीस वर्षं झाली, अंजना त्यावर एक शब्द बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून या बारीला काही कमी ठेवायचं नाय. खसखससुद्धा नाय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डबा बॅगेत गेला. अंजनानं विचारलं, "आत्या, खसखस नाय ना घातली?" मी म्हणाले, "मला काय येडी समजलीस?" तिनं डब्यावर साडीची घडी ठेवली.

प्रश्नाला प्रश्न केला. खोटं नाय बोलले.

खोटंच बोलले.

रविवार, १६ नोव्हेंबर

भगवंत आला व्हता. गावातलाच, पाच वर्षं तिकडं गाडी चालवून आलाय. अंजनाला विमानतळावरचं समजावून सांगत व्हता — रांग कुठली, कागद कुठला. उघड्या बॅगेत बाळगुटीच्या मुळ्या दिसल्या. "वयनी, ह्या पुड्यांवर नावं घाला. बिननावाचं काय दिसलं तर तिथं सगळी बॅग उपसत्यात."

मग त्यानं सांगितलं. त्याच्या खोलीवरचा एक गडी, आपल्याच बाजूचा. सुट्टीवरून जाताना घरचा मसाला घेऊन गेला. मसाल्यात खसखशीचे दाणे निघाले. बायकोनं सवयीनं घातलेले. त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. चार महिने आत!

"अन् मसाला जिनं केला, तिला?" मी विचारलं.

"तिला काय व्हतंय काकू! ज्याच्या हातात बॅग, त्याचा गुन्हा."

चहा माझ्या हातातच गार झाला. अंजना म्हणाली, "आमी लई जपून भरलंय, भाऊ. आत्यांनी सोता लक्ष घातलंय."

उसात बिबट्या बसलाय हे एकट्या मलाच ठाऊक, आणि तिथंच पाणी धरायला मी सुनेला धाडतीय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी बॅग कांद्याच्या काट्यावर टांगली. तीस किलो चालत्यात, भरली बत्तीस! मी मनात म्हणाले, देवा, पावलास.

"लाडू काढ," मी म्हणाले. "लाडवाचंच वजन हाय."

अंजना बघतच ऱ्हायली. "लाडू? नाय आत्या. बाकी काय बी काढीन."

"अगं काढ म्हणते ना! तिथं सगळं मिळतंय."

"तुमच्या हातचं मिळतंय का?" तिनं आपल्या दोन साड्या काढल्या, जाडी शाल काढली, चपलांचा जोड काढला. काटा तिसावर आला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मोहिनीला फोनवर सांगितलंय मी, आजीनं तुझ्यासाठी लाडू केलेत, सोता, पाट्यावर. ती रडली. मला बी वाटलं — माझ्या टायमाला..."

आणि थांबली. वीस वर्षांत पहिल्यांदा एवढं बोलली, आणि तिथंच थांबली.

माझं तोंड उघडलं व्हतं. जिभेवर आलं व्हतं सगळं. आता सांगितलं तर हे लाडू बी गेले, मीबी गेले.

तोंड मिटलं. तिनं कुलपाचे आकडे फिरवले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गेली.

निघताना तिच्या हातावर दहीसाखर ठेवली. पाया पडायला वाकली तर मी तिचा दंडच धरला. "अंजना, तिथं कोणी काय विचारलं तर सांग..."

"काय सांगू?"

"लाडू म्हातारीनं केलेत म्हणून सांग."

"सांगणारच की! मिरवीन." हसली. गोरखनं हॉर्न वाजवला — "आई, सोड तिला. चाकणला गाडी अडकली तर विमान जाईल." मी हात सोडला. मी सोडला!

सांजेला तेजूनं सांगितलं, विमान उडालं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळ. फोन नाय. नातजावई रातभर विमानतळाबाहेर उभा. सगळी माणसं बाहेर आली म्हणे, सासूबाई आल्या नायत. तेजू म्हणती, "नेटवर्क नसंल." मी देवापुढं बसले. देवाकडं बघवंना.

दुपार. कळलं.

बाळगुटीवरून बॅग उघडली. मुळ्यांवर नावं व्हती, त्यांचं काय नाय झालं. मग डबा उघडला. लाडू फोडला. दाणे दिसले. अंजनाला पुढ्यात घेऊन विचारलं, कोणी केलं? तिनं लाडवाकडं बघितलं — नातजावयाला आत बोलावलं व्हतं, त्यानं डोळ्यांनी पाह्यलं — लई वेळ बघत ऱ्हायली. आणि म्हणाली, "मीच केले. घरात कुणाला ठाऊक नाय."

तिला आत ठेवलंय. मोहिनीला अजून सांगितलं नाय. ओली बाळंतीण, आईची वाट बघतीय.

गोरख अंगणात येरझाऱ्या घालतोय. "एवढी यादी वाचली तिच्यासमोर! सोताच्या हातानं पुडी शेजारी दिली. अन् लाडवात घालताना विसरली? अशी कशी बाई ही!" तेजू रडत म्हणाली, "आईला कधी कळणारच नाय का काही?"

मी तिथंच व्हते. भिंतीला टेकून. कोणी माझ्याकडं बघितलं नाय. ऐंशी वर्षांच्या म्हातारीकडं कोण बघतंय!

गुरुवार, २० नोव्हेंबर

गोरख, हा मोबाईल तुझ्या हातात देतीय. वरपासून वाच, सोमवारपासून. गेल्या गुरुवारचं आधी वाचलंस तरी चालंल. मग तसंच नातजावयाला धाड, तिथल्या वकिलाला दाखवू दे. अक्षर माझं नाय, पण शब्द माझे हायेत. अंगठा लागंल तिथं अंगठा घ्या, मी मंचरला येते, पुण्याला येते, विमानात बी बसते. तेजूलाबी वाचून दाखव, तिच्या जन्माचं सुद्धा.

आणि अंजनाला पित्त हाय, जागरणानं उसळतं. आत डबा देऊ देत असतील तर तिथल्याच दुकानातली मूगडाळ आणून मऊ खिचडी द्या म्हणावं, तिखट नको, वर थोडं तूप. घरचं काय पाठवू नका. माझ्या हातचं तर कायच नको.