वारा लागू दे

ती. आईस, दुरूनच पाया पडतो.

प्रयोगशाळेचा निकाल आज आला आणि आमच्या साहेबांनी तो ताडून पाहिला. आमच्या खोलीत जमिनीतून विषारी वाफ शिरते आहे. इथे पूर्वी ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, त्याचं रसायन मातीत मुरलंय. मी लोकांच्या घरची हवा मोजत हिंडतो, आणि दिव्याखालीच अंधार!

घाबरू नकोस. तुझी सून ठीक आहे. बाळाबद्दल मात्र डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले.

एक सांगतो, रागावू नकोस. गरोदर बाईला वारा बाधतो म्हणून तू खिडक्या लावायला सांगितलंस. तिने फटींतही चिंध्या कोंबल्या, मग वाफ आतच साठली. आता तिला वरच्या मजल्यावर शेजारणीकडे ठेवलंय, तर तिथेही खिडकी बंद! "सासूबाईंना काय तोंड दाखवू?" म्हणते. फोनवर बोलताना ती माझ्याजवळच असते, म्हणून हे लिहितोय. तूच तिला समजाव.

तुझी कंबर कशी आहे? बाबा गोळ्या घेतात ना?

उद्या मिस्त्री फरशीला भोक पाडून पाइप बसवतील. त्याला जोडलेला पंखा फरशीखालची वाफ ओढून छपरावर सोडेल. पुढच्या आठवड्यात हवा पुन्हा मोजू. बाळाची तपासणीही तेव्हाच आहे.

तुझा धाकटा