डाव्या कोपऱ्यातली बोटं

रविवार, संध्याकाळ. काशीद.

दमलोय. अकरा वर्षं व्यावसायिक कबड्डी खेळलो, सगळी डाव्या कोपऱ्यात. काम एकच, चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा आणि बाकीचे येईपर्यंत सोडायचा नाही. यंदा लीगच्या संघाने मला घेतलं नाही, म्हणून गावच्या संघाकडून इथल्या स्पर्धेत उतरलो. इथे तरी जमेल असं का वाटलं मला?

आज समोरच्या दिघी संघाचा चढाईपटू आत आला. मी वेळेवर झेपावलो, घोटा हातात आला आणि बोटं आपोआप उघडली. माझी पूर्वी मोडून जुळलेली दोन बोटं आवळतच नाहीत. सामना कसाबसा जिंकलो, उद्या अंतिम. पण लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट तोच दिघीवाला नंतर येऊन विचारतो, "दादा, लागलं नाय ना?"

घरी सुजाताने बोटांना बर्फ लावला. बायकोच ती, सरळ विचारलं, "तुमी सोडलात का तो सुटला?"

मैदानात सगळ्यांना सांगितलं होतं, पाय घसरला. तिला म्हणालो, "सुटला. वर्षभर सुटतायत."

"ठाव हाय मला. चहाचा कप दोन हातांनी धरता तुमी."

मग कप्तानाला फोन केला. उद्या डाव्या कोपऱ्यात दुसऱ्याला उतरव, म्हटलं, माझी बोटं गेली.

"बरं झालं, तूच बोललास," म्हणाला.

म्हणजे त्यालाही माहीत होतं.