अर्धा पीळ

बाबा, कोलशेतच्या कारखान्यातून तुम्ही एकदा आणलेला तो झिजलेला पट्टा आज आठवला आणि राग आला. तुमचा नव्हे. शाळेत जायच्या आधीचं माझं सगळं गणित डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात झालं. तुम्ही वर्तमानपत्राची लांब पट्टी कापता, एक टोक अर्धं फिरवून दुसऱ्याला चिकटवता. "मशीनच्या पट्ट्याला असा पीळ दिला की दोन्ही बाजू सारख्या झिजतात. बोट फिरव." बोट न उचलता मी आतून बाहेर येते. "आता मधोमध कापली तर किती होतील?" "दोन!" मी तोऱ्यात. तुम्ही कात्री पुढे करता. एकच निघते, दुप्पट लांब. "अगं, कापल्याशिवाय सांगायचं नाही," तुम्ही रागावलात, आणि आई हसली.

आता मी कल्याणच्या एका समुपदेशन केंद्रात शिकाऊ आहे. तिथल्या मोठ्या मॅडम मनोविश्लेषण शिकवताना हीच पट्टी दाखवतात. मनाला आत-बाहेर नसतंच, म्हणतात; समुपदेशकाचा नेमका शब्द त्यावर कात्रीसारखा चालतो. ऐकायला इतकं छान, की मला संशय येतो. दिव्याहून एक बाई येते. ऑफिसात हसते, घरी रडते. "यातली खरी मी कुठली हो?" तिने विचारलं. मॅडम मला म्हणाल्या, "बघ, पट्टी. एकच बाजू." पुढच्या खेपेला ती बाई म्हणते, "या आठवड्यात नळाला रोज पाणी आलं ना, रडलेच नाही." मी धावत जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडम शांतपणे, "तेही पट्टीवरच बसतं." तुमचा पट्टा चुकीचा बसला तर घसरायचा, मशीन थांबायचं, तुम्हाला बोलणी बसायची. ही पट्टी कशानेच घसरत नाही. तिचं गणित खरं आहे, ते मी कापून पाहिलंय. पण त्या बाईचं मन म्हणजे ही पट्टी, हे कुणी पाहिलं?

काल तिचा अहवाल द्यायचा होता. तिला औषधाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं की नाही, ते त्यावरून ठरणार. पाण्याची ओळ मी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. मग पट्टीची आकृती काढली; मॅडमची सही हवी होती म्हणून, असं मी स्वतःला सांगतेय. खरं म्हणजे मला हुशार दिसायचं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते बरंच. तुम्ही असता तर कात्री पुढे केली असती. आकृती सुबक आली, बाबा. पाण्याची ओळ अहवालात नाही.